एक्केचाळीस त्रुटी

महाळुंग्याच्या एका कारखान्यात दिग्विजय गुणवत्ता विभागाचा अभियंता होता. तेथील प्रेसवर पत्र्याचे सुटे भाग बनत. दर महिन्याला ते भाग विकत घेणाऱ्या मोठ्या कंपनीचे ऑडिटर येत, त्रुटींची यादी हातात ठेवत आणि सात दिवसांत खुलासा मागत. अशा प्रत्येक त्रुटीला कारखान्यात ‘एनसी’ म्हणतात. पहिल्या वर्षी एनसी निघाली की दिग्विजयची झोप उडत असे. नवव्या वर्षी तो यादी घेई, सही करी आणि पुढच्या कामाला लागे. आपल्याला काही वाटेनासे झाले आहे, हे त्याला कळत होते. पण त्याचेही त्याला काही वाटत नव्हते.

प्रेसवर ‘सांगावा’ नावाचा एक ओपन सोर्स प्रोग्राम चालत असे. मशीनच्या पडद्यावर इंग्रजीत उमटणारा इशारा तो बाईच्या आवाजात, मराठीत मोठ्याने बोलून दाखवी. त्याचा कोड सर्वांसाठी खुला होता: कोणीही पाहावा, वापरावा, सुधारणा सुचवाव्यात. राजगुरुनगरच्या करिष्मा या शिक्षिकेने तो फावल्या वेळात लिहिला होता आणि पाच-सहा स्वयंसेवकांच्या मदतीने ती तो सांभाळत असे. कारखान्यात लवकरच नवी प्रेस येणार होती. तिचे इशारेही मराठीत आणण्याचे करिष्माने कबूल केले होते.

त्यानिमित्ताने दिग्विजयने प्रथमच तो कोड उघडून पाहिला. एकच हिशेब चार ठिकाणी लिहिलेला, कधीच न वापरलेल्या ओळी, अर्थ न कळणारी नावे. त्याने आपल्या सवयीने तक्ता आखला: क्रमांक, ठिकाण, त्रुटी, गांभीर्य. एकूण एक्केचाळीस. खाली लिहिले, ‘सात दिवसांत खुलासा द्यावा.’ आणि सांगावाच्या स्वयंसेवकांच्या खुल्या पानावर तो टाकून दिला.

चौथ्या दिवशी करिष्माचे उत्तर आले. ‘त्रुटी खऱ्या आहेत. त्यांचा खुलासा लिहिण्याचे बळ माझ्यात उरलेले नाही. महिनाअखेरीस मी सांगावा बंद करत आहे.’

दिग्विजयने ते वाचले, पान मिटले आणि तो शॉपमध्ये, म्हणजे यंत्रे चालतात त्या भागात गेला. प्रेसवर मालोजी होता. चौथी शिकलेला, इंग्रजी अक्षर न येणारा, पण अठरा वर्षांत हाताला साधा ओरखडाही येऊ न दिलेला कारागीर.

“साहेब, ती बोलनारी बाई बंद व्हनार म्हनं?”

“कोण म्हणालं?”

“समद्या शॉपात झालंय. म्यानेजर म्हनले, नव्या प्रेसवर इंग्रजी वाचनारा मानूस घेनार. मला लोडिंगला टाकत्यात.”

“बघू काहीतरी, मालोजीभाऊ.”

“तुमी बघू म्हनला, म्हंजी झालंच आमचं!” मालोजी हसला आणि पुन्हा कामाला लागला.

त्या दुपारी बबनराव आले. तंत्रनिकेतनातून शिकून त्यांनी तीस वर्षे टूलरूम, म्हणजे साच्यांचा विभाग सांभाळला होता आणि निवृत्तीनंतरही आठवड्यातून एकदा साचे तपासायला ते येत. चहा घेताना दिग्विजयने त्यांना तो तक्ता दाखवला.

“रकाने छान आखलेत,” बबनराव म्हणाले. “कुठल्या सप्लायरला काढलीस ही एनसी?”

“एनसी नाही काका. करिष्मा मॅडमना सुधारणा सुचवल्या.”

“सात दिवसांत खुलासा? कामाला ठेवलंयस की काय तिला?”

“पण एकही मुद्दा चुकीचा नाही.”

“नसेलही. त्यातला तू नीट करून दिलास असा एक दाखव.”

दिग्विजयने तक्ता पुन्हा वरून खाली चाळला.

“साच्यात खोट सापडली की मी एकच जागा घासायचो. एक नग काढायचा, मोजायचा. मग तो नग घेऊन साचा बनवणाऱ्याकडे जायचं, ‘बघ, असं केलं तर कडेला बोचरी धार राहत नाही.’ त्याला पटलं की पुढची जागा. एक्केचाळीस ठिकाणी एकदम घासलं, तर बिघडलं कुठं ते कोण सांगणार?”

“काका, मला तर दर महिन्याला अशीच यादी येते. मला काही होत नाही.”

“तेच तर दुखणं आहे, बाळा! तुला लागेनासं झालं, म्हणून दुसऱ्यालाही लागत नाही असं धरून चाललास! बरं, कोणाच्या कामाला चांगलं म्हणालास, असं शेवटचं कधी?”

दिग्विजयने आठवून पाहिले. आठवले नाही. किती वर्षे!

तो जागेवर येऊन बसला. चार ठिकाणचा हिशेब त्याने स्वतः एका ठिकाणी आणला. जुन्या प्रेसचे एकोणीस इशारे मालोजीला एकेक करून ऐकवले. एकोणीसही बरोबर आले. मग त्याने त्याच खुल्या पानावर लिहिले, ‘माझी यादी मी मागे घेतो. मी नोटीस लिहिली, चूक माझी. तुमच्या प्रोग्राममुळे इंग्रजी न येणारा आमचा कारागीर सुरक्षितपणे प्रेस चालवतो, हे मी आधी कळवायला हवे होते. सोबत एकच बदल आणि त्याची चाचणी देत आहे. पटला तर घ्यावा. पुढचे बदलही मी स्वतः करून, एकेक पाठवीन.’

दोन दिवस काहीच आले नाही. तिसऱ्या दिवशी दोन ओळी आल्या. ‘बदल घेतला. बंद करत नाही. पण नव्या प्रेसचे इशारे तुम्ही लिहा, मी तपासते.’

“म्हंजी मी हितंच ऱ्हातोय?” मालोजीने विचारले.

“राहताय. इशारे मराठीत येणार म्हटल्यावर मॅनेजरही तयार झाले. पण शब्द तुम्ही सांगायचे. ‘सुरक्षा क्षेत्रात अडथळा’ याला काय म्हणू?”

“ते म्हनंपर्यंत बोट जाईल, साहेब! ‘हात काढ’ म्हना.”

दिग्विजयने तसेच लिहिले. त्याला फार आनंद झाला असे नाही. इतक्या वर्षांची बधिरता एका आठवड्यात जात नाही. पण पाठवण्यापूर्वी त्याने आपला मजकूर पुन्हा वाचला, आणि वाचणारी कोण आहे याचा विचार केला.

वाचकहो, जी वस्तू आपण सारे विनामूल्य वापरतो, तिच्यामागे कोणाची तरी संध्याकाळ खर्च झालेली असते. तिच्यातील दोष जरूर दाखवावा. पण आधी आभार मानावेत, दोषासोबत आपल्या हातची दुरुस्ती द्यावी, आणि ती समोरच्याला पेलेल एवढीच द्यावी. आपले मन बधिर झाले असेल, तर दुसऱ्याला लिहिताना आपण दुप्पट सावध असले पाहिजे.