दालनातला ढेकूण

मुलुंड पश्चिमेच्या एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर शरच्चंद्र तेलंगांचं कलादालन आहे. चाळीसेक वर्षं तिथे निसर्गचित्रं, गणपती आणि धावणारे घोडे लागत आले. यंदा तेलंग सरांनी पहिल्यांदाच वेगळा घाट घातला. कलाकारांच्या दोन गटांना बोलावून ते म्हणाले, "दोन महिने दालन तुमचं. इथेच काम करा. काम होताना लोकांना बघू द्या."

अर्धं दालन 'गावखोली' या गटाला मिळालं. त्यात मुख्य दोघं, मानसी घाडी आणि लवू मेस्त्री. लवूदादा वयाने वडील, सुतारकाम हातात मुरलेलं. गिरणीतले कोकणी चाकरमानी पाळीपाळीने जिथे झोपायचे, तशी एक खोली ते दोघे उभारत होते. मानसीचे आजोबा अशाच खोलीत राहिले होते. ट्रंका, वळकट्या, कंदील असं सामान तिने नातेवाइकांकडून गोळा केलं होतं. मधोमध ठेवलेला शिसवी पलंग तिच्या विमलमावशीच्या बोरीवलीच्या फ्लॅटमधून आला होता.

उरलेल्या अर्ध्यात 'चौकट' हा गट होता. दर्शना रणपिसे आणि तिचा मित्र प्रबुद्ध, दोघं गोवंडीचे. त्यांच्या वस्तीचा एक भाग पाडला गेला तेव्हा लोकांनी वाचवून ठेवलेली दारं त्यांनी आणली होती. भिंती नाहीत, नुसती दारं आपापल्या चौकटीत उभी. बघणाऱ्याने एकातून दुसऱ्यात जायचं. काही दारांवर अजून नावं होती. एकावर निळ्या ऑइलपेंटने लिहिलं होतं, 'खंडू रणपिसे'. हे दर्शनाच्या वडिलांनी स्वतः लिहिलेलं. ते जाऊन चार वर्षं झाली होती.

सुरुवातीचे आठवडे झकास गेले. लवूदादांनी 'चौकट'च्या डगमगत्या दारांना खालून पाय करून दिले. दर्शनाची ड्रिल मशीन दोन्हीकडे फिरत होती. दुपारी डबे एकत्र उघडायचे.

मग एका मंगळवारी तेलंग सरांनी ओळखीच्या काही लोकांना काम बघायला बोलावलं. एक बाई दालनाच्या मधल्या बाकावर बसल्या होत्या. त्या एकदम किंचाळून उठल्या. त्यांच्या पांढऱ्या ओढणीवर ढेकूण चालत होता.

पाहुणे पाच मिनिटांत पांगले. बाई जाता जाता सोसायटीच्या सेक्रेटरींना, हर्षदभाईंना, गेटवर भेटल्या असाव्यात, कारण हर्षदभाई तडक आत आले आणि सरळ दारांसमोर जाऊन उभे राहिले.

"तेलंगसाहेब, मी पहिल्याच दिवशी बोललो होतो. हा माल कुठून येतो ते बघा. वर फॅमिली राहतात. एकदा ढेकूण बिल्डिंगमध्ये चढला की वाट लागली आमची."

"दारं घासून, औषध मारून आणलीत," प्रबुद्ध म्हणाला. "सरांनी स्वतः बघितलंय."

तेलंग सर घाम पुसत होते. "प्रबुद्ध, असं करू. एक-दोन दिवस दारं बाहेर कंपाउंडला ठेवू. पेस्ट कंट्रोलवाला येऊन जाऊ दे."

"आणि पलंग? ट्रंका, वळकट्या? त्या नाही बाहेर?"

"अरे, ते सगळं घरांमधून आलंय," सर म्हणाले. "फ्लॅटमधून."

प्रबुद्धने मानसीकडे पाहिलं. ती हातातला ब्रश पुसत राहिली. तिला खरंच वाटलं होतं, की असेल बाबा, दारांतूनच आला असेल. तसं वाटलं याची लाज तिला पुढे वाटणार होती, पण त्या क्षणी वाटली नाही.

दर्शना आणि प्रबुद्धने एकेक दार उचलून बाहेर नेलं. लवूदादा मदतीला पुढे झाले, तर दर्शना म्हणाली, "राहू दे दादा. तुम्हालाही चावतील."

संध्याकाळी तेलंग सर मानसीजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "हर्षदभाई काही ऐकतील असं दिसत नाही. तुमची खोली जरा मोठी करता येईल का? पूर्ण दालनभर?" मानसी म्हणाली, "विचार करते, सर." लवूदादांनी मात्र लगेच टेप काढून मापं घ्यायला सुरुवात केली.

बुधवारी सकाळी ती एकटीच लवकर आली. दंडावर गांधी उठल्या होत्या, ओळीने. गेले काही दिवस काम करून दमली की ती त्याच पलंगावर आडवी व्हायची. तिने मोबाइलचा टॉर्च लावला आणि पलंगाचा पाय जिथे आडव्या पट्टीला मिळतो त्या सांध्यात पाहिलं. काळे ठिपके. फटीत पाच-सहा जाडे ढेकूण एकाला एक चिकटून बसले होते. दुसऱ्या सांध्यात त्याहून जास्त.

तिने मावशीला फोन लावला.

"मावशी, पलंगाला ढेकूण होते का गं?"

"कोण म्हणालं? झाले होते मागे. औषध मारलं होतं आम्ही. आणि हे बघ, हे गावभर सांगत सुटू नकोस. शेजारी काय म्हणतील?"

लवूदादा आले तेव्हा मानसी पलंगापासून दूर, जमिनीवर बसली होती. तिने दाखवलं. त्यांनी वाकून बघितलं, उठले, दरवाजा लोटून घेतला.

"गप रव गो मानशी. तुका कोणी इचारल्यान काय?"

"दादा, त्यांची दारं बाहेर पडलीत उन्हात."

"पडूंदे दोन दिस. आज मी पलंगाक औषध मारतंय. ढेकूण गेले की दारां परत आत येतली. आता बोललंस तर तेंचा आणि आपला, दोघांचाय जातला. सोसायटी सगळ्यांकच भायर काढतली."

त्यात तथ्य होतं, आणि म्हणूनच मानसी गप्प राहिली. लवूदादांनी फटींत औषध मारलं. तिने खिडक्या उघडल्या. जेवायच्या वेळी डबा उघडला आणि तसाच मिटला.

दुपारी कंपाउंडमधून दर्शनाचा आवाज आला. "अरे थांब! हात लावू नको!"

मानसी धावत बाहेर गेली. सोसायटीचा वॉचमन रॉकेलचा डबा आणि फडकं घेऊन दारं पुसत होता. हर्षदभाई बाजूला उभे होते. अर्धी दारं ओली झाली होती. खंडू रणपिसेंच्या दारावरचा जुना रंग रॉकेलने सुटला होता आणि फडक्याने ओढला गेला होता. 'रणपिसे' कसंबसं वाचता येत होतं. 'खंडू'च्या जागी निळा फराटा.

दर्शना ओरडायची थांबली होती. ती त्या दारासमोर नुसती उभी होती.

"मी म्हटलं, तुमचंच काम सोपं करतो," हर्षदभाई म्हणाले. "रॉकेलने ढेकूण मरतो ना." आवाजात जोर राहिला नव्हता.

प्रबुद्ध त्यांच्या अंगावर जाणार असं वाटलं. तेलंग सर मध्ये आले. वरच्या गॅलऱ्यांमधून माणसं डोकावू लागली.

"ढेकूण दारांत नाहीत," मानसी म्हणाली.

कुणी ऐकलं नाही. ती परत म्हणाली, मोठ्याने. "ढेकूण आमच्या पलंगात आहेत. माझ्या मावशीच्या. या, दाखवते."

हर्षदभाई आणि सर तिच्यामागे आत गेले. लवूदादा दारात होते, ते बाजूला झाले, तिच्याकडे न बघता. तिने सांध्यातले मेलेले आणि न मेलेले दाखवले. हर्षदभाईंनी खिशातून चष्मा काढून पाहिलं आणि तसाच परत ठेवला.

"बोरीवलीचा ना हा?" त्यांनी विचारलं.

"हो. सातव्या मजल्यावरचा."

ती बाहेर आली तेव्हा दर्शना वळली. "तुला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. आत्ताच, असं म्हणता आलं असतं.

"सकाळी," मानसी म्हणाली.

"सकाळी." दर्शनाने मान हलवली. "म्हणजे हे पुसायच्या आधी."

"हो."

प्रबुद्ध म्हणाला, "आणि तू सांगितलंस म्हणून आता सगळ्यांना पटलं. आम्ही काल तेच सांगत होतो ना? औषध मारलंय, घासलंय. तेव्हा कोणाला पटलं नाही. तू तिथेच होतीस यार."

माफ कर म्हणायला मानसीने तोंड उघडलं, पण दर्शनाने हात वर केला. "आत्ता नको. आत्ता मला ऐकायचं नाही."

तेलंग सरांनी 'चौकट'ची माफी मागितली, तीही वरच्या गॅलऱ्यांना ऐकू जाईल अशी. हर्षदभाईंनी मागितली नाही. पण पेस्ट कंट्रोल पूर्ण दालनाचं झालं, दोन्ही बाजूंचं, आणि त्यांनी पुन्हा हरकत घेतली नाही. त्या दिवशी सगळं सामान, दारं, ट्रंका, वळकट्या, कंपाउंडमध्ये एकत्र होतं. पलंग तेवढा भंगारात गेला.

विमलमावशीने फोन घेणं बंद केलं. लवूदादा आठवडाभर आले नाहीत. मग आले, पण मानसीशी कामापुरतं बोलू लागले. "तू खरा बोललंस, ता बरा केलंस," एवढं एकदा म्हणाले, रंधा मारता मारता, आणि विषय संपवला.

'चौकट'ने निघून जायचं जवळजवळ ठरवलं होतं. प्रबुद्धला एक दिवसही थांबायचं नव्हतं. दर्शना म्हणाली, "मी जाणार नाही. ज्यांनी दारं दिली त्यांना मी उद्घाटनाला बोलावलंय. ते मुलुंडला येणार आणि दारं नसणार, असं होणार नाही."

वडिलांचं नाव तिने परत रंगवलं नाही. मानसीने विचारलं होतं, जुन्या फोटोवरून अक्षर तसंच उतरवून देऊ का. दर्शना म्हणाली, "ते त्यांनी लिहिलेलं होतं. तू किंवा मी लिहून काय होणार?"

दारं आत घ्यायचा दिवस आला. प्रबुद्धची पाठ धरली होती. मानसी दालनाच्या आपल्या बाजूला, पलंग गेल्यामुळे मोकळ्या पडलेल्या जागेत, फरशी पुसत होती. दर्शना पायरीवर येऊन थांबली. आत आली नाही.

"एका दाराला दोन माणसं लागतात," ती म्हणाली. "येतेस?"

मानसीने फडकं बादलीत टाकलं आणि हात ओढणीला पुसत बाहेर गेली. पहिलं दार जड होतं. उंबऱ्यावर ते जरा अडकलं, तेव्हा दर्शना एवढंच म्हणाली, "तुझ्या बाजूने उचल."