पाद्रीबाबांची वाटी

आम्ही पाद्रीबाबांच्या घरी पाठवलेली रविवारच्या जेवणाची टोपली परत आली, तेव्हा तिच्यातली मितीची वाटी भरलेलीच होती.

"नुसतं बोट बुडवलंय," माझी सून फुआतिनो म्हणाली.

"मला डोळे आहेत."

चाळीस वर्षांत आमच्या बेटावरच्या या गावाने पाच पाद्री बघितले, पण माझी वाटी कधी भरलेली आली नाही. घट्ट नारळाचं दूध, कांदा, मिरची आणि खडकांपलीकडून भरून आणलेलं समुद्राचं पाणी, एवढीच ती मिती. भाजलेला नीरफणस त्यात बुडवून खायचा. आणि आमच्याकडे मिती एकदाच कालवायची. पाद्रीबाबांना तीच, आम्हालाही तीच.

माझी मूत्रपिंडं बसली आणि दवाखान्यातल्या लेइतू नर्सने मीठ, सोयासॉस, समुद्राचं पाणी, सगळं बंद केलं. मग काय, म्हातारीला वेगळी वाटी? मी काय घरात पाहुणी आहे? ऑकलंडच्या लेकीने बिनसोडियमच्या मिठाचा डबा पाठवला होता. त्यावर लाल हृदयाचं चित्र होतं. समुद्राच्या पाण्याऐवजी तेच मी त्या रविवारी सगळ्यांच्या मितीत घातलं होतं.

"आई, आधी नर्सला विचारू या का?" फुआतिनो म्हणाली होती.

"तू नीरफणस भाजायचे दगड तापलेत का बघ," मी म्हटलं होतं.

मंगळवारी मशीनवर रक्त धुवायला गेले. फुआतिनोने मला न विचारता तो डबा पिशवीतून काढला. लेइतूने बारीक अक्षरं वाचली आणि डबा आपल्या खणात टाकला.

"किती खाल्लंत, आजी?"

"दोन घास. कडू लागलं."

"कडू लागलं तरी पाद्रीबाबांना पाठवलंत?"

"माझ्या हातची मिती बिघडली, हे मी म्हणू?"

"दोन घासांवर थांबलात म्हणून आज जिवंत बसून माझ्याशी भांडताय. यात मिठाऐवजी पोटॅशियम आहे. तुमच्या मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता येत नाही. साठलं की हृदय बसल्या जागी थांबतं."

"म्हणजे आता बेचव खाऊन मरू?"

"लिंबू आहे, आलं आहे, मिरची आहे. नारळाचं दूध चमचाभर चालेल. हाताला चव आहे म्हणता ना? मग दाखवा."

वाटेत फुआतिनोने नुसती माझी पिशवी उचलून घेतली. 'मी म्हटलं होतं ना' म्हणाली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

पुढच्या रविवारी मी दोन भांडी घेतली. लहान वाटीत माझं लिंबू-आलं. मोठ्या वाडग्यात दूध, कांदा, मिरची, समुद्राचं पाणी. ढवळलं आणि सवयीने बोट बुडवलं. तोंडापर्यंत नेलं. मग कमरेला गुंडाळलेल्या लुंगीला पुसलं.

"इकडे ये. चाख."

"मी?"

"नाही, तुझी माहेरची कोंबडी. चाख म्हटलं ना."

तिने चाखलं. मी तिच्या गळ्याकडे बघत राहिले.

"समुद्र थोडा कमी आहे, आई."

मी बाटली तिच्या हातात दिली. "मग घाल की."

दुपारी टोपली परत आली. मी माझ्या वाटीत नीरफणस बुडवत होते, मान वर केली नाही.

"पुसून खाल्लीय," फुआतिनो म्हणाली.

"वाटी धू," मी म्हटलं, "आणि आजपासून तुझ्या फळीवर ठेव."