सावलीचा महिना

"नशीब म्हणायचं आपलं," मालक म्हणाले आणि संत्र्याची बी जिभेच्या टोकावर आणून त्यांनी समोरच्या वर्तमानपत्रावर थुंकली. एक बी उडाली ती हजेरीच्या वहीच्या पुठ्ठ्यावर जाऊन चिकटली. "ह्या महिन्यात अक्काचं नावच नाही वहीत. विचार करा ताई, गेल्या महिन्यात झालं असतं तर?"

हजेरी लिहिणाऱ्या वहीताईनं कागदाच्या कपट्यानं ती बी उचलली. पुठ्ठ्यावर ओला ठिपका राहिला. तो तिनं पुसला, तरी तो तिथंच आहे असं तिला वाटत राहिलं.

"तपासनीस बाई तीनला येणार. तुम्ही काही खोटं बोलायचं नाही बरं का. मला खोटं आवडत नाही. वही उघडायची, महिना दाखवायचा. नाव नाही म्हणजे नाही." मालकांनी आणखी एक फोड तोंडात टाकली. "काय खोटं आहे ह्यात?"

काहीच नव्हतं.

लाँड्री छोटी. दोन धुलाईयंत्रं, एक भट्टी, आणि दवाखान्यांच्या नि हॉटेलांच्या चादरी कडक करणारा तापलेला रोलर. काम दहा बायकांचं, आणि वहीत नावं नऊ. नऊ नावांपर्यंत मालकांना फक्त विम्याचा कागद भरावा लागे. दहावं नाव आलं की कायद्याचं अख्खं पुस्तक दारात येऊन उभं राही. मालक ते बोटांवर मोजून दाखवत. "विश्रांतीची खोली हवी, भरपगारी रजा हवी, पाळणाघर हवं. मी काय कारखानदार आहे? पहाटे उठून भट्टी मीच पेटवतो. ह्या बोळात पाळणाघर कुठं टांगू? छताला?"

बायका हसत. वहीताईही हसायची.

काही वर्षांपूर्वी मालकांनी ठरवलं होतं की एका विधवेचं नाव कायमचं वहीबाहेर ठेवायचं. वहीताईला ते बघवलं नाही. रात्रभर तळमळून सकाळी तिनं तोड काढली : एकीवरच अन्याय नको, सगळ्या जणी आळीपाळीनं एकेक महिना वहीबाहेर राहतील. कामावर यायचं, पैसे हातात घ्यायचे, फक्त कागदावर नसायचं. मालक म्हणाले, "ताई, तुमचं डोकं सोन्याचं." बायकांनी तिचे हात धरले. त्या महिन्याला त्यांनी नावही दिलं, सावलीचा महिना. तक्ता वहीताईनं लाल-निळ्या शाईत आखला, आणि वळणदार अक्षराबद्दल तिचं कौतुक झालं.

ह्या महिन्यात सावली सगळ्यांत लहान मुलीची, धाकटीची होती. धाकटीला सातवा महिना चालू. गेल्या महिनाअखेरीला रोलरवरची अक्का टेबलापाशी आली, ओले हात कमरेला पुसत म्हणाली, "वहीताई, तिचं नाव राहू दे गं. मधेच काही झालं तर पोरीला विम्याच्या दवाखान्यात कोण घेईल? मला लाव. मला मेलीला काय होतंय?"

वहीताईनं तक्त्यात बदल केला. एका महिन्यापुरती आडवी रेघ. तीसुद्धा पट्टी धरून.

आणि परवा दुपारी रोलरनं अक्काचा हात चादरीबरोबर आत ओढला.

किंकाळी एकच आली. धाकटीनं कळ खाली पाडली तेव्हा रोलर थांबला, पण थंड व्हायला त्याला त्याचा वेळ लागला. तो वास वहीताईच्या नाकातून अजून गेला नव्हता. खळ, क्लोरिन आणि त्याखाली ते दुसरं. मालकांनी अक्काला टेंपोत, दवाखान्याच्या मळक्या चादरींच्या गाठोड्यांवर टेकवलं आणि ड्रायव्हरला बजावलं, "घरी इस्त्री करताना भाजली म्हणून सांग." सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं तो हात पाहिला आणि विचारलं, "एवढी मोठी इस्त्री कुणाच्या घरात असते?" आणि त्यानंच कामगार खात्याला कळवलं.

काल संध्याकाळी वहीताई तिला बघायला गेली. साध्या वॉर्डात, दोन खाटांच्या मधे टाकलेल्या गादीवर अक्का पडली होती. हात कोपरापर्यंत पांढऱ्या गुंडाळीत.

"जळाली का गं ती चादर?" अक्कानं पहिलं तेच विचारलं.

"आग लागो त्या चादरीला."

"हॉटेलची होती. नवी होती." अक्का हसली, आणि हसताना तिचा ओठ वाकडा झाला. "आयुष्यभर चादरी कडक केल्या, आता हात कडक झाला बघ. आणि ऐक, गाणं जुळलंय एक. इथं झोप कुठं लागते?" आणि ती रोलरवर असताना गुणगुणायची त्याच चालीत म्हणाली,

"दहाजणींतली मी गं, नवांत ना मोजिली,
सावलीच्या महिन्यात, बाई, उन्हानं भाजिली."

शेजारच्या खाटेवरची म्हातारी फिस्सकन हसली. वहीताईला हसता आलं नाही.

नर्सनं तिला बाजूला घेऊन सांगितलं. तीन बोटं गेल्यातच जमा. उरलेली दोन वाचू शकतील, पण ते ऑपरेशन इथं होत नाही. विम्याच्या मोठ्या दवाखान्यात होतं. दोन दिवसांच्या आत न्यायला हवं. तिथं कामावर असल्याचा कागद लागतो. "कामावर होत्या ना ह्या?" नर्सनं विचारलं होतं. वहीताईनं मान हलवली होती, होय की नाही हे तिचं तिलाही कळलं नव्हतं.

तीनला तपासनीस बाई आल्या. सपाट चपला, खांद्याला जड पिशवी, सर्दीनं लाल झालेलं नाक. क्लोरिनचा वास लागला आणि त्यांना तीन शिंका आल्या. मालकांनी स्वतः खुर्ची पुसली.

"ती बाई ना? येते-जाते हो. जुनी ओळख आहे बायकांशी. गप्पा मारता मारता हौसेनं चादर लावायला गेली."

"हौसेनं?" बाईंनी नाक पुसलं. "तापलेल्या रोलरमध्ये?"

"बायकांचं काय असतं मॅडम, तुम्हाला माहीत आहे. हात स्वस्थ बसत नाहीत."

वहीताईच्या जिभेखाली आंबट पाणी सुटलं. हा माणूस अक्काला थोरल्या बहिणीसारखी मानतो असं तो स्वतःच सांगायचा.

वही पुढे आली. बाईंनी पानं उलटली, प्रत्येक पानावर नऊ नावं मोजली. कुठं खाडाखोड नाही, कुठं शाई फुटलेली नाही. "ही वही कोण लिहितं?"

"मी," वहीताई म्हणाली.

"किती वर्षं?"

"बावीस."

"सुरेख ठेवलीय." हे त्या मनापासून म्हणाल्या. वहीताईला कुणी तोंडावर ओलं फडकं मारल्यासारखं झालं. "मग ह्या महिन्यात ह्या बाई कामाला नव्हत्या, असंच ना?"

मालक दातांतला संत्र्याचा धागा नखानं काढत होते. त्यांचं तिच्याकडे लक्षही नव्हतं, इतके ते निर्धास्त होते.

"कामाला होत्या," वहीताई म्हणाली. "वहीत नव्हत्या."

नख दातातच राहिलं.

"म्हणजे?"

"दर महिन्याला एक जण वहीत नसते. काम करते, पण नसते. तो क्रम मी लावलाय. तक्ता करून." तिचा आवाज तिला परका वाटत होता. "ह्या महिन्यात क्रम दुसऱ्या मुलीचा होता. ती पोटुशी आहे म्हणून अक्कांनी तो आपल्यावर घेतला, आणि मी तसं लिहिलं. त्या रोज सकाळी सातला आल्यात. परवाही सातलाच आल्या होत्या."

"अहो ताई!" मालक उठले. मग तिच्याकडे पाठ करून तपासनीस बाईंकडे वळले, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "मॅडम, ह्या बाईंचं काय धरून बसता? ह्यांचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं. आणि मुळात ह्या आमच्याकडे कामाला नाहीतच. बघा ना वही. पहिल्या पानापासून बघा. सापडतंय कुठं ह्यांचं नाव?"

बाईंनी वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळली.

नव्हतं. बावीस वर्षं तिनं दुसऱ्यांची नावं लिहिली. मालक म्हणायचे, तुम्ही तर घरच्या, घरच्या माणसाची कसली हजेरी? आणि तिला त्याचा मान वाटायचा. कुणी विचारलं तर ती स्वतःच सांगायची, मी घरच्यातली आहे. आता त्या शब्दाचीच तिला ओकारी आली. तो शब्द किती वर्षं आपण चघळत बसलो होतो.

तपासनीस बाईंनी वही मिटली नाही. पिशवीतून एक कोरा कागद काढून वहीताईसमोर ठेवला. "लिहा. इथं काम करणाऱ्या सगळ्यांची नावं. पूर्ण."

तिनं सवयीनं आधी समास सोडला. मग लिहीत गेली. अक्काचं खरं नाव लिहिताना पेन थोडं थांबलं. ते नाव ह्या भिंतींमध्ये कुणी कधी उच्चारलं नव्हतं. दहा झाली.

"आणि तुमचं," बाई म्हणाल्या.

अकरावं तिनं लिहिलं. वळण किंचित बिघडलं.

बाईंनी कागद वहीशेजारी धरला. ह्या अक्षराकडे बघितलं, त्या अक्षराकडे बघितलं, आणि दोन्ही पिशवीत टाकली. "विम्याच्या दवाखान्याला मी आत्ताच फोन करते. आज हलवतील. बोटांचं मी काही सांगू शकत नाही. बाकीचं सावकाश बघू," त्या मालकांना म्हणाल्या.

"मॅडम, संत्रं तरी घ्या," मालक म्हणाले.

त्या उत्तर न देता बाहेर गेल्या. दारातून त्यांचा फोनवरचा आवाज आणि पुन्हा एक शिंक ऐकू आली.

मालकांनी वहीताईकडे पाहिलं. डोळ्यांत राग होताच. पण त्याहून जास्त, कुणी फसवल्यावर दिसतं तसं दुःख होतं, आणि ते अगदी खरं होतं. तेच तिला सगळ्यात ओंगळ वाटलं.

"घरच्यासारखं ठेवलं तुम्हाला," ते म्हणाले. "कपाटाची किल्ली ठेवा आणि निघा."

किल्ली तिनं संत्र्याच्या सालांशेजारी ठेवली. नळावर हात धुतले. पुन्हा धुतले.

बाहेर पडायची वाट कामाच्या खोलीतूनच होती. बायकांनी सगळं ऐकलं होतं. कुणी मान वर केली नाही. विधवा हळूच म्हणाली, "आता आमचं काय गं वहीताई? बंद केली ह्यानं लाँड्री तर?" दुसऱ्या एकीनं ती जवळून जाताना अंग चोरलं.

घड्यांच्या टेबलापाशी धाकटी उभी होती. दोघींनी मिळून घडी घालायची मोठी चादर. तिची दोन टोकं तिनं हातात धरली होती, आणि दुसरी दोन जमिनीच्या वर लोंबत होती. पोटामुळे तिला वाकता येत नव्हतं. परवापासून ती अशीच एकटीनं ओढाताण करत होती. वहीताईकडे बघून तिनं फक्त चादर थोडी वर उचलली.

वहीताईनं लोंबणारी टोकं धरली. बावीस वर्षांत तिनं इथं एकाही चादरीला हात लावला नव्हता. ओढ कमी-जास्त झाली, कडा जुळेनात, मधे मोठी चुणी पडली.

"अशी नाही," धाकटी म्हणाली. "अंगठा आत घ्या, ताई. हां. आता या माझ्याकडं."

वहीताई चादर ताणून धरत, एकेक पाऊल तिच्याकडे चालत गेली.