मेरेट्रिशस सेवेची पितळी पाटी

इंग्लंडच्या लँकशर परगण्यातल्या हॅसलडेल गावचे नगराध्यक्ष डेस्मंड ऑर्मरॉड यांना जड शब्दांचा भारी सोस. कोश ते कधी उघडत नसत. शब्द तोंडात नीट घोळवला की अर्थ आपोआप कळतो, अशी त्यांची पक्की समजूत होती.

मार्चमध्ये त्यांनी ठराव करून गावचं वाचनालय बंद केलं. चौतीस वर्षं तिथे ग्रंथपाल असलेल्या एनिड थ्रेलफॉल बाईंना घरी बसवलं आणि गावाने बोंब मारू नये म्हणून बागेत त्यांच्या नावाचा बाक बसवायचं ठरवलं. पितळी पाटीवरचा मजकूर साहेबांनी स्वतः लिहिला : ‘एनिड थ्रेलफॉल यांच्या चौतीस वर्षांच्या मेरेट्रिशस सेवेबद्दल कृतज्ञ गावाकडून.’

चिटणीस गिलियनला शंका आली. तिने घरी कोश पाहिला आणि दुसऱ्या दिवशी साहेबांना सुचवलं, की हा शब्द एकदा तपासून घेऊ या.

"त्यात काय तपासायचंय? मेरिट दिसतंय ना ढळढळीत? त्याला फक्त शेपूट लावलंय."

"घोळ शेपटातच आहे," ती म्हणाली. पण साहेबांनी तोवर फोन उचलला होता. वाचनालयाला कुलूप लागलं तेव्हा गिलियनची आई आठवडाभर रडत होती. गिलियनने मग फार आग्रह धरला नाही.

शनिवारी बागेत बँड वाजला, चहा झाला. ऑर्मरॉडांनी पडदा ओढला आणि एकेक अक्षर चघळत पाटी वाचली. शाळेतले जुने लॅटिनचे मास्तर टोपीआड तोंड लपवून गदगदा हलू लागले. म्हातारा गहिवरला, असं ऑर्मरॉडांना वाटलं.

एनिडबाई आभार मानायला उठल्या.

"हा शब्द रोमचा. पैसे घेऊन शेज सजवणाऱ्या बाईचं तिथे जे नाव होतं, त्यावरून आलाय. आता जरा सभ्य झालाय. वरून चकचकीत, आतून पोकळ, असा अर्थ. मिस्टर ऑर्मरॉडांना मी कोश बघायला सांगितलं असतं, पण वाचनालयाचे कोश त्यांनीच रद्दीत घातले."

गाव पोट धरून हसलं. ऑर्मरॉडांचे कान तापले. चूक कबूल केली असती तर दोन दिवसांत सगळे विसरले असते. पण ते म्हणाले, भाषा बदलत असते. पुढच्याच सभेत त्यांनी ठराव मांडला, की हॅसलडेलच्या हद्दीत या शब्दाचा अर्थ ‘गुणवंत’ असा धरावा. ठराव सात विरुद्ध चार मतांनी मंजूर झाला.

मे महिन्यात निवडणूक आली. विरोधकांनी एकच पत्रक काढलं : ‘आपले मेरेट्रिशस ऑर्मरॉड.’ साहेब तक्रार करायला वकिलाकडे गेले. वकिलाने त्यांचाच ठराव त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "ही तर तुमची स्तुती झाली."

ते सपाटून पडले. नव्या मंडळाने एनिडबाईंना पाटी बदलून देऊ केली. त्यांनी साफ नकार दिला. एवढी वर्षं त्यांनी कोश पुढे केला तरी लोक तो उघडत नव्हते, आता अख्खं गाव एक शब्द शोधायला लागलंय, असं त्यांनी कळवलं.

ऑर्मरॉड हल्ली बागेला वळसा घालून जातात. बायकोला सांगतात, चालणं तब्येतीला बरं.