अक्रोडाचं पान

व्हर्नाने रस्त्याच्या कडेची आणखी एक कागदी पिशवी उचलून ढकलगाडीत टाकली. नगरपालिकेचा ट्रक यायच्या आत लोकांनी झाडून भरून ठेवलेली पानं खतासाठी पळवायची, हा ऑक्टोबरातला तिचा लाडका उद्योग. धुकं अजून विरलं नव्हतं. मेपलच्या पानांनी सगळी गल्ली पिवळी झाली होती, आणि आपण चालतोय की तरंगतोय हेच तिला कळत नव्हतं.

"चोरटे, पुरे की आता!" तिचा नवरा हार्लन अंगणातून ओरडला. खताच्या ढिगात दाताळं खुपसून तो उभा होता. भाजीची सालं, अंड्यांची टरफलं, कॉफीचा चोथा, सगळं आतल्या आत शिजत होतं आणि त्यातून संथ वाफ निघत होती. "आयोनीची पिशवी राहिली बघ."

"राहू दे. पुन्हा टोमॅटो मारायचेत का?"

आयोनी ही तिची धाकटी बहीण, समोरच राहणारी. तिच्या अंगणात काळ्या अक्रोडाचं झाड होतं. अक्रोडाची पानं खतात गेली की टोमॅटो करपतात, हे या गल्लीत शाळकरी पोरांनाही ठाऊक. एका वर्षी आयोनीने दिलेल्या पानांत अक्रोडाची निघाली आणि व्हर्नाचा सगळा वाफा जळून गेला. चुकून आली गं, असं आयोनी परोपरीने सांगत होती. तू मुद्दाम केलंस, असं व्हर्ना म्हणाली. तेव्हापासून दोघींचा अबोला.

"उद्या चाललीय ती लेकीकडे, ॲरिझोनाला. कायमची," हार्लन म्हणाला. "मग रुसायला तरी कोण उरणार तुला?"

व्हर्नाने जाऊन आयोनीची पिशवी आणली, गवतावर उपडी केली आणि गुडघे टेकून पानं चिवडू लागली. तिला अक्रोडाचं एक तरी पान हवं होतं. ते सापडलं असतं तर इतक्या वर्षांचा राग खरा ठरला असता. पण लाल, पिवळी, तांबूस, नुसती मेपलची. अक्रोडाखालून झाडलेल्या पानांत असं आपोआप होत नाही. तांदूळ निवडावेत तसं कुणीतरी बसून एकेक पान बाजूला काढलं होतं. आणि आयोनीची बोटं तर संधिवाताने केव्हाच वाकडी झालेली. व्हर्नाला रडू आलं.

मातीच्या हातांनीच तिने रस्ता ओलांडला. दार आयोनीने उघडलं. मागे खोकी रचलेली होती.

"राहिलं का एखादं?" आयोनीने घाबरून विचारलं. "चष्मा लावून बघितलं होतं गं मी."

"राहिलंय ना. एक."

"दाखव बघू."

व्हर्नाने मूठ तिच्या हातावर ठेवून उघडली. मुठीत काहीच नव्हतं. आयोनीने तो हात सोडला नाही.