मी धवलारणीच्या गाडीचा शॉकअप

आवाज कुठून येतोय म्हणून बॉनेट उघडायला जाऊ नका. गुडघे टेका, मान वाकडी करा आणि पुढच्या डाव्या चाकाच्या आड बघा. तिथं चिखलाने माखलेली एक काळी नळी दिसते ना, भोवती स्प्रिंग असलेली? तो मीच. मला शॉकअप म्हणतात. एरवी मी फारसा बोलत नाही, आज मात्र जरा स्वतःची टिमकी वाजवणार आहे. ऐकून घ्या.

माझा जन्म चाकणकडच्या एका कारखान्यात झाला. पोटात तेल भरलं, थोडा वायू कोंडला, आत एक दांडा सोडला आणि तोंड बंद केलं. चाक खड्ड्यात आदळलं की दांडा हलतो, तेल बारीक भोकांतून वाट काढतं आणि धक्का तिथल्या तिथे जिरतो. एवढंच माझं शिक्षण. आम्ही चार भाऊ. कळंबोलीला सुभाषशेठच्या स्पेअर पार्टच्या दुकानात आलो, मागच्या फळीवर बसलो, ते तीन वर्षं बसूनच राहिलो.

कारण काय, तर रंग. आम्ही काळे. दर्शनी काचेत लाल, पिवळे, निळे शॉकअप झुंबरासारखे टांगलेले. गिऱ्हाईक आलं की नजर तिकडेच. चुकून कुणी आमची चौकशी केली, तर सुभाषशेठ हात झटकून म्हणायचे, "ते साधे आहेत. कंपनीतून गाडीला येतात तसले." साधे म्हणे. तीन वर्षं हा शब्द ऐकून माझ्या पोटातलं तेल तापायचं.

एक दिवस कल्पेश आला. मूळचा उरणजवळच्या करंजा गावचा, कोळ्याचा पोरगा, बंदरावर कामाला, राहायला नवीन पनवेलला. दोन दरवाज्यांची जुनी लाल स्पोर्ट्स कार त्याने नुकतीच घेतली होती आणि तिचे शॉकअप गळत होते. कुठले देऊ असं सुभाषशेठनी विचारल्यावर त्याने काचेकडे बोट केलं.

"ते लाल द्या. गाडीला मॅचिंग होतील."

शॉकअपही ब्लाउजपीससारखे रंग जुळवून घेतात, हे मला त्या दिवशी कळलं.

ते लाल शॉकअप शर्यतीच्या गाड्यांचे. आखूड आणि कडक. सोबत स्प्रिंगाही तसल्याच दिल्या. गाडी खाली बसली, झोकदार दिसायला लागली, पोरगा खूश झाला. पुढचं सगळं रामायण मला नंतर कळलं.

कल्पेशची एक आत्या आहे, गुणाबाई. करंज्याला मासळी विकण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली, पण त्यांचा खरा मान धवलारीण म्हणून. कोळ्यांच्या लग्नात धवले गाऊन एकेक विधी पार पाडते ती धवलारीण. भटजी उशिरा आला तरी चालेल, पण गुणाबाई आल्याशिवाय हळद लावायची नाही, असं त्यांच्या माघारीही लोक म्हणतात.

नवी गाडी दाखवायची म्हणून कल्पेश करंज्याला गेला आणि आत्याला शेजारी बसवून पनवेलला निघाला. उरणच्या रस्त्यावर एक स्पीडब्रेकर आहे, पट्टे पुसलेला. त्यावर गाडी दाणकन आदळली. कल्पेशला वाटलं, एवढं काय. पण आत्या "आय गो" म्हणाल्या आणि वाकल्या, त्या परत सरळ झाल्याच नाहीत. मणक्याला चीर गेली होती. तीन महिने त्या नवीन पनवेलला भाच्याच्याच घरी पाठीवर पडून राहिल्या.

गावात एका तोंडाची दहा तोंडं झाली. कल्पेशने गाडीच्या नादात धवलारणीची पाठ मोडली, असं जो तो बोलायला लागला. कल्पेश कुणाला उलट बोलला नाही. बोलणार काय, त्यालाही तसंच वाटत होतं. बिचारा जेवताना ताटाकडे बघत बसायचा.

त्यातच त्याच्या धाकट्या बहिणीचं, प्रांजलचं लग्न ठरलं. करंज्यालाच. हळदीला नऊ दिवस राहिले तेव्हा डॉक्टर म्हणाले, गाडीत बसून जायला हरकत नाही, पण धक्का बसता कामा नये.

"आत्या, मी अँब्युलन्स सांगतो," कल्पेश म्हणाला.

"मी लग्नाला चाललीय का हास्पिटलात? मना त्यातून उतरताना बघून मांडवातल्या बाया रडायला लागतील."

मग शेजाऱ्यांची मोठी उंच गाडी आणली. पायरीवर पाय उचलताना आत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी त्यांनीच कोपऱ्यातल्या लाल गाडीकडे बोट केलं.

"तीच बरी. पाटावानी खाली हाय. चालीस वरसं बाजारात पाटावर बसून मासली इकली मी. बसता येईल मना. पन आधी तिचे पाय बदल."

गाडीचे पाय म्हणजे आम्ही. इतकं नेमकं नाव आम्हाला कुठल्या इंजिनिअरनेही दिलं नसेल.

कल्पेश गाडी घेऊन कोनला काशिरामच्या गॅरेजमध्ये गेला. काशिराम हा साठीचा मेकॅनिक, बोलायला फटकळ आणि हाताला हलका. पण गाडी आत्यांना मानवेल की नाही, हे ठरवायचं कसं? त्यांना बसवून बघायची सोय नव्हती. तोड आत्यांनीच काढली.

"तू माझ्या जागेवर बस. काशिराम गाडी चालवंल. तू धवला म्हन, मी हितं फोनवर ऐकतंय. सूर तुटला तर गाडी नापास."

"मी? आत्या, बायकांची गाणी मी म्हणू?"

"मंग काय डाक्टर म्हनंल?"

झालं. कोनजवळच्या कंटेनरवाल्यांच्या रस्त्यावर परीक्षा सुरू झाली. तिथले खड्डे मोजायला बसलात तर जेवणवेळ टळेल. पहिली पाळी त्या लाल शॉकअपांचीच. त्यांना फिरवून मऊ करायची कळ असते. काशिरामने ती जेवढी सैल होईल तेवढी केली. कल्पेशने शेजारच्या सीटवर बसून, मांडीवर फोन ठेवून, डोळे मिटून सूर लावला. पहिल्याच खड्ड्यात त्या सुराचे चार तुकडे झाले.

"थांब," फोनमधून आत्या म्हणाल्या. "तू गातंस का कांदा चिरतंस?"

लाल नापास. तेव्हा कल्पेशने दुसरं टोक गाठलं. कडक नको ना, मग सगळ्यांत मऊ घेऊ म्हणून त्याने मोबाइलवर शोधून लोण्यासारखे शॉकअप मागवले. ते खड्ड्यात अलगद दबले खरे, पण दबले ते थांबेनातच. खड्डा मागे पडला तरी गाडी वर-खाली डुलतच राहिली. कल्पेशचा सूर तुटला नाही, पण एवढे हेलकावे खायला लागला की त्याला स्वतःलाच मळमळायला लागलं.

"होडीत बसलायस काय रं?" आत्यांनी विचारलं. "मना लाटा नको. पाठ कशी ठरंल तिथं?"

हळदीला तीन दिवस उरले होते. कल्पेश गॅरेजच्या पायरीवर डोकं धरून बसला. म्हणाला, "काका, नाही होत. तिला फोनवरूनच गायला सांगतो."

काशिराम त्याच्यावर उखडला. "कडक बघितलं, मऊ बघितलं. गाडी बनवताना जे लावलं होतं ते एकदा तरी बघितलंस काय? चल ऊठ."

आणि ते दोघं कळंबोलीला आले.

काशिरामने काचेकडे ढुंकूनही बघितलं नाही. सरळ मागच्या फळीपाशी आला, मला उचललं, दांडा तळहाताने दाबला आणि सोडला. मी आपला बेताने वर आलो. पुन्हा दाबला, पुन्हा तसाच आलो. त्याच्या मिशीत हसू आलं. "हा बघ. मारकुटा नाय आनि लोळागोळापन नाय." तीन वर्षांत मला हात लावून बघणारा तो पहिला माणूस. त्या क्षणी त्याच्यासाठी मी पुण्यापर्यंतचे सगळे खड्डे गिळले असते.

काशिरामने काम कसं केलं तेही सांगतो, कारण निम्मं यश त्याचं आहे. त्याने आखूड स्प्रिंगा काढून मूळच्या उंचीच्या घातल्या, तरी गाडी आत्यांना बसता येईल एवढी खालीच राहिली. झिजलेली रबरं बदलली. टायरमध्ये कल्पेशने ठासून भरलेली हवा बेतात आणली. आणि खालचे नट गाडी हवेत असताना आवळले नाहीत. गाडी जमिनीवर टेकवली, तिचं वजन आमच्यावर येऊ दिलं, मगच पाना लावला. नाहीतर रबराला पीळ पडतो. मग बॉनेटवर दोन्ही हातांनी जोर देऊन सोडलं. गाडी एकदा वर आली आणि गप उभी राहिली.

परीक्षेला मी पुढच्या डाव्या चाकावर होतो, म्हणजे आत्यांच्या जागेखालीच म्हणा ना. भावांना सांगितलं, आज इभ्रतीचा प्रश्न आहे. कल्पेशने सूर लावला. पहिला खड्डा आला, मी दबलो, वर आलो, संपलं. दुसरा आला, तिसरा आला. कल्पेशचा आवाज भसाडाच, त्याला मी काय करणार, पण तो कुठं तुटला नाही की डुलला नाही. अख्खा धवला म्हणून झाला. फोन गप्प होता.

"आत्या, ऐकतेस ना?"

"ऐकतंय," आत्या म्हणाल्या. "गाडी पास. तू नापास."

काशिराम इतका हसला की त्याने गाडी बाजूला घेतली.

हळदीच्या दिवशी सकाळी दोन बायकांनी आत्यांना धरून अलगद सीटवर बसवलं. हिरवं लुगडं, केसांत अबोलीची वेणी, गळ्यात ठेवणीतलं सोनं. कल्पेशने गाडी अशी काही चालवली की सायकलवाले पुढे जात होते. मला खालून आत्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण त्या पाय घट्ट रोवून बसल्या होत्या ते कळत होतं.

मग तो स्पीडब्रेकर आला. पट्टे अजून पुसलेलेच. कल्पेशने गाडी जवळजवळ उभीच केली.

"हितंच ना?" आत्यांनी विचारलं.

"हो."

मग त्यांनी श्वास घेतला आणि धवला सुरू केला. कुणी सांगितलं नव्हतं, फोन नव्हता, परीक्षा नव्हती. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्या पूर्ण गळ्याने गात होत्या. कल्पेशने ब्रेकवरचा पाय उचलला.

चाक चढलं. सगळं वजन माझ्यावर आलं, मी दाताला दात लावून आत गेलो आणि धक्का पोटात घेतला. चाक उतरलं, मी सावकाश मोकळा झालो. मागच्या भावांनीही तेच केलं. वर सूर सरळ चालला होता, ताणलेल्या दोरीसारखा. त्याला गाठ पडली नाही की पीळ पडला नाही. कल्पेशच्या तोंडून हुंदका निघाला, पण तो काही माझ्यामुळे नव्हे. मी माझं काम चोख केलं होतं.

धवला संपवून आत्या म्हणाल्या, "आता रडतंस कशाला? आनि ही पलनारी गाडी हाय म्हनतंस ना? मंग बैलगाडीवानी काय चाललायस? हलद सुकून जाईल तिथं. दाब जरा."

आणि आम्ही पळालो, महाराज. खाडीकडेचा रस्ता, खारा वारा आणि खिडकीतून बाहेर जाणारा आत्यांचा आवाज. स्पोर्ट्स कार म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. काचेतल्या त्या लाल-पिवळ्यांना सांगा कुणीतरी.

करंज्याला मांडवाच्या दाराशी गाडी थांबली. लोक जमले होते. कुणी खुर्ची आणली होती, कुणी उचलून न्यायला बाह्या सरसावल्या होत्या. कल्पेश मान खाली घालून गाडीच्या मागे उभा राहिला, कारण हीच ती गाडी, हाच तो भाचा, हे सगळ्यांच्या नजरेत दिसत होतं. प्रांजल धावत आली. तिचा आणि एका बाईचा हात धरून आत्या उठल्या, सरळ उभ्या राहिल्या आणि पाठीवर हात न ठेवता चार पावलं चालल्या. मग वळल्या.

"कल्पेस कुठं लपलाय? फुडं ये."

तो पुढे आला. आत्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाजारात भाव सांगावा तशा खणखणीत आवाजात सगळ्या मांडवाला म्हणाल्या, "मना माझ्या भाच्यानं आनली. याच गाडीतून. आता जे काय बोलायचं ते माझ्या म्होरं बोला."

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि बेंजोवाल्यांनी मागचापुढचा विचार न करता वाजवायलाच सुरुवात केली. आत्यांनी त्यांना हाताने गप्प केलं आणि हळदीचा पहिला धवला उचलला. मी बाहेर उन्हात उभा होतो. अंग तापलेलं, तोंडावर धूळ, आणि मनात म्हणत होतो, साधा तर साधा.

त्याला आता दीड वर्ष झालं. गेल्या लग्नसराईत आत्यांनी सतरा हळदी गायल्या आणि सतराही ठिकाणी त्यांना आम्हीच पोचवलं. लाल गाडी दिसली की धवलारीण आली म्हणून लोक ओळखतात. माझा रंग थोडा उडालाय, खालचं रबर कुरकुरतं, पण काशिराम दर दोन महिन्यांनी बघून जातो.

तुम्हालाही कधी शॉकअप घ्यायची वेळ येईल. कडक घेऊ नका, लोणीही घेऊ नका. तुमच्या घरात सगळ्यांत दुखरी पाठ कुणाची आहे ते आधी बघा, आणि तिला विचारून घ्या.