ज्वारीवर बांधलेली अमानत

मी टेपचा स्पूल बोलून राहिलो. हाव, तोच, तपकिरी पट्टी गुंडाळलेलं चक्र. आता एका जुन्या धोतराच्या फडक्यात गाठ मारून मला लिंबाच्या फांदीला टांगलंय. खाली कुत्रंबी बसंना. वेळ थोडा हाय, म्हणून गोडगोड न बोलता सरळ सांगतो.

कारखान्यातनं कोरा निघालो. कोऱ्या मालाला काय इतिहास? माझं जगणं सुरू झालं डेन्मार्क नावाच्या थंड मुलखात, कोपनहेगनच्या एका तळघरात. बाहेर बर्फ, आत धूर. योर्गन नावाचा गडी पितळी सॅक्सोफोन वाजवत होता. त्या वाजवण्याला जॅझ म्हणतात. आधी ठरवायचं न्हाई, वाजवता वाजवता वाट काढायची. मला आधी ते काही पटलं न्हाई. दावं तुटलेल्या गोऱ्ह्यासारखं वाटलं. पण शेवटी बाकीचे गप्प झाले, तो एकटाच वाजवत राहिला, आणि मी ते निमूट पोटात घेतलं.

त्याच हिवाळ्यात योर्गन समुद्रात बुडाला. अंग सापडलं न्हाई. घरी बायको पोटुशी होती.

ते वाजवणं माझ्यात भरून घेतलं होतं त्याच्या धाकट्या भावानं, नील्सनं. मोठ्या दुष्काळात तो बोअर पाडायच्या कामावर किनवटच्या रानात आला. दिवसभर यंत्राचा धडधडाट, सांजच्याला मी. पुढं त्याचा टेपरेकॉर्डर बिघडला. नांदेडच्या जलीलभाईच्या दुकानात आम्हा दोघांना दुरुस्तीला ठेवलं आणि कावीळ होऊन तसाच मायदेशी गेला.

तेव्हा कोरी पट्टी मिळायची मारामार. लोक म्हणायचे, "जलीलभाई, ह्याच्यावरच भरा की लग्नाची कव्वाली! गोरा कशाला येतोय परत?"

जलीलभाई चष्म्यावरून बघायचा. "अमानत हाय बाबा ती. तुझ्या कव्वालीपायी दुसऱ्याचा गळा दाबू काय?"

गिऱ्हाईक आलं न्हाई. वाट बघता बघता जलीलभाईच गेला. त्याच्या पोरानं, फरहाननं, तिथं मोबाईलचं दुकान थाटलं. पाटीवर नाव मात्र बापाचंच ठेवलं.

एक दिवस किनवटकडचा श्रीमंत नावाचा शेतकरी आला. जलीलभाईचं जुनं गिऱ्हाईक. "फरहान, जुन्या टेपा असतील तर दे रे. ज्वारी भरून राहिली, पाखरं लई उतरली." शेतात मेढी रोवून पट्टी ताणून बांधली की वाऱ्यानं ती घोंगावते, पाखरं पळतात. फरहाननं पोतं भरून दिलं. अडगळ टाकताना माणसाला लई पुण्य वाटतं.

अर्धा मी ज्वारीवर ताणला गेलो, अर्धा चक्रावर राहिलो, गोठ्याच्या खुंटीला. योर्गनचं एकट्याचं वाजवणं त्या उरलेल्या अर्ध्यात. वारा सुटला की मी घोंगावायचो. पाखरं पळाली. पण श्रीमंतची बायको धोंडाबाई खुरपं टाकून उभी राहायची.

"अवो, हे नुसतं घोंगावणं न्हाई. कुणीतरी कण्हून राहिलंय."

"तुझं कायतरीच. प्लास्टिक हाय ते."

काल फरहानचा फोन आला. धाप लागल्यासारखा बोलत होता. "काका, ती पट्टी बांधू नका! जुन्या पावतीवरनं जलील नावाची पाटी इंटरनेटवर हुडकून डेन्मार्कची एक बाई बोलली माझ्याशी. इंगा नाव तिचं. तिच्या नील्सकाकाच्या घरात बाकीचे स्पूल सापडलेत, पण तिच्या बापाचं वाजवणं तुमच्याकडच्यातच हाय. बाप तिच्या जन्माआधीच बुडून मेला. प्रेतबी मिळालं न्हाई. तिनं कधी ऐकलाच न्हाई त्याला."

"बांधली की रे," श्रीमंत म्हणाला. "पण गोळा करतो. उद्या ये."

एवढ्यावर थांबला असता तर मी वाचलो असतो. पण घरात येऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं. माणसाला खरं बोलायची खाज लई.

धोंडाबाई मटकन खाली बसली. "बुडून मेलेला? प्रेताला अग्नी न्हाई, पाणी न्हाई? आणि त्याचा जीव तुमी पाखरं हाकायला बांधला! म्हणूनच कण्हत होतं."

"अगं, पोरगी येडी झालीय त्याच्यासाठी. फरहान येतोय."

"पोरीला बापाचा आवाज पायजे का बापाची सुटका? तुमीच सांगा."

श्रीमंत डोकं खाजवत राहिला. त्याचा थोरला भाऊ पुरात गेलेला. त्याचंबी काही सापडलं न्हाई. त्यानं पेटीतलं जुनं धोतर तिच्यापुढं ठेवलं.

धोंडाबाईनं मेढी-मेढीवरनं मला सोडवलं. एक तुकडा तुटू दिला न्हाई. गोठ्यातलं चक्र आणलं, हळद-कुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. अस्थी घरात न्हेत न्हाईत, झाडाला टांगतात, तसं मला टांगलं. उन्हानं ताणलो होतो, तरी आवाज पोटात शाबूत हाय. जलीलभाईनंतर एवढ्या मायेनं मला कुणी हात लावला न्हाई. आणि हेच हात मला मारणार.

आता उजाडलंय. श्रीमंतनं आंघोळ करून गठुडं खाली घेतलंय. धोंडाबाई म्हणते, "मागं वळून बघू नका."

पैनगंगा लांब न्हाई. समुद्रानं योर्गन घेतला, आता नदी मला मागून राहिली.

बाबांनो, मेलेल्याला वाट जरूर द्या. पण ज्यात कुणी अजून वाजतंय, ते बुडवायच्या आधी एकदा कानाला लावून बघा.

मागं घरात, खुंटीवरच्या सदऱ्यात, फोन वाजून राहिलाय. फरहानच असणार. श्रीमंतचं पाऊल जरा अडखळलं.

पण मागं वळून बघायचं न्हाई म्हणून तो चालत राहिला.